उमरीच्या अंगणवाडीबाई

उमरीच्या बाई आपलं दुखणं मोजून आणत. "लई उलट्या झाल्या" असं त्या कधी म्हणाल्या नाहीत; मंगळवारी तीनदा, बुधवारी एकदा, असं सांगत. सारा जन्म अंगणवाडीत लेकरांची वजनं लिहिण्यात गेलेला. एकदा वरच्या साहेबांनी वजनं थोडी वाढवून लिहायला सांगितली, तेव्हा बाईंनी काटाच उचलून त्यांच्यापुढे ठेवला होता म्हणे.

मी नांदेडच्या एका रुग्णालयात औषधांच्या चाचण्यांचं काम पाहायची. बाईंचा अंडाशयाचा कर्करोग केमोनंतर पुन्हा उलटला होता. केमोसोबत अँटिबॉडीचं इंजेक्शन दिलं तर जास्त गुण येतो का, हे आम्ही तपासत होतो. कुणाला नुसती केमो, कुणाला दोन्ही, हे संगणक ठरवी. बाईंनी संमतीपत्र शेवटपर्यंत वाचलं.

"म्हणजे गुण येतो का, हे तुम्हालाच ठाऊक न्हाई?"

नाही, मी म्हणाले. त्यांनी सही केली.

त्यांच्या वाट्याला दोन्ही आलं. दर तीन आठवड्यांनी सून त्यांना रेल्वेनं घेऊन येई. औषध बंद होईल या भीतीनं बाकीच्या बायका त्रास लपवत. शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी बाईंनाही तसंच सुचवलं. बाई म्हणाल्या, "आपण खोटं सांगितलं तर पुढच्या बाईला खोटंच औषध मिळंल."

मधे पोटात साठलेलं पाणी उतरलं, रक्तातला कर्करोगाचा आकडा खाली आला. सुनेनं माहूरला जाऊन देवीची ओटी भरली. आशा मीही धरली होती. मग पुढच्या स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या दिसल्या, पोटात पुन्हा पाणी. नियमाप्रमाणे औषध थांबलं.

"आता माझं नाव काढून टाकता का?" बाईंनी मला विचारलं.

नाव राहील, मी अधूनमधून फोन करीन, असं सांगितलं. फोन कशासाठी, ते सांगितलं नाही. त्यांना कळलं असावं, कारण पहिल्या दोन्ही फोनला त्या आधीच म्हणाल्या, "हाय अजून."

तिसरा फोन सुनेनं उचलला. बाईंना जाऊन सहा दिवस झाले होते. मला तारीख विचारावी लागली, कारणही. तिनं शांतपणे सांगितलं. मग म्हणाली, "सासूबाईंनी एवढं सगळं सांगितलं तुम्हाला. कुणाला उपयोग झाला का हो त्याचा?"

अशा वेळी मी घरच्यांना नेहमी 'हो' म्हणत असे. त्या दिवशी जीभ वळली नाही. अजून कळलेलं नाही, म्हणाले; कदाचित होणारही नाही.

"बरं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.