रेकॉर्डची दुसरी बाजू

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका चौकस माणूस दिल्लीतली आमची सरकारी वसाहत आर. के. पुरमच काय, अख्ख्या केंद्र सरकारात झाला नसेल. शेजारी नवा कुकर आला तरी त्याच्या शिट्टीची चौकशी करायला हे हजर! आणि ऑफिस अंगात असं मुरलेलं, की घरीही प्रत्येक गोष्टीवर शेरा लिहायचे. आंब्याच्या पेटीवर एकदा लिहिलं होतं, ‘वरचा थर समाधानकारक. खालच्याविषयी साशंक.’

मायदेशी परतणाऱ्या कुठल्याशा परदेशी कुटुंबाकडून त्यांनी जुना पंखा घेतला, त्याबरोबर एक रेकॉर्ड फुकट आली. रविवारी सकाळी काका ती घेऊन आमच्याकडे, कारण प्लेअर आमचा. कव्हरवर टोप्या घातलेले चार दाढीवाले कुंपणाला टेकलेले. “काका, हे कंट्री रॉक. तिकडची गावाकडची गाणी, ड्रम लावून,” मी कॉलेजात जात असल्याच्या थाटात सांगितलं. ऐकत होते मीही पहिल्यांदाच, पण कबूल कोण करणार! सुई टेकली, एक गिटार सुरावरून सुरावर घसरत गेली आणि जन्मभर नाट्यसंगीत ऐकलेले काका ताडकन उठले. “अगं, ही तर मींड! हा कुणाकडे शिकला?” फायली इंग्रजीत लिहिणाऱ्या काकांना ते उच्चार मात्र कळेनात. प्रश्नांनी त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. गाणारा निघालाय कुठे? “घरी, काका. फार वर्षं लांब आहे.” “अच्छा, म्हणजे बदलीची केस! मग पोचतो का?” दुसऱ्या बाजूला कळेल म्हणून मी रेकॉर्ड उलटायला गेले, तर म्हणाले, “बिल्कुल नाही! पहिलं प्रकरण निकाली निघाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.”

ते प्रकरण चार वर्षं चाललं. दर रविवारी पहिलीच बाजू, आणि कव्हरमधल्या कागदावर नवा शेरा: ‘ड्रमवाला संयमी. पुन्हा ऐकावे.’ मी वैतागायचे, पण खोटं कशाला बोलू, ती गाणी मला काकांमुळेच आवडायला लागली.

मग काका रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. अकोल्याला परत जायचं, असं ते तीस वर्षं म्हणत होते. तिथे आता घर होतं, माणूस कुणी उरलं नव्हतं. खाली ट्रक भरून उभा असताना ते रेकॉर्ड घेऊन आले. “लाव आज दुसरी.” शेवटच्या गाण्यात तो माणूस गावाच्या वेशीपर्यंत जातो, आणि ओळखणारं कुणीच नाही म्हणून मागे फिरतो. सुई उचलली तसं काकांनी विचारलं, “पोचला का गं?”

मला गलबलून आलं. “पोचला, काका. सगळे वाट बघत होते.”

काकांनी मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि रेकॉर्ड माझ्या हातात ठेवली. “तूच ठेव. अकोल्याला प्लेअर कुठला,” म्हणाले आणि जिना उतरले. मी कागद वाचला तोवर ट्रक कोपऱ्यावरून वळला होता.

‘पोचला, असे मुलीचे म्हणणे. तिचा चेहरा पाहता अधिक चौकशी करू नये.’