रुमालाखालचा इसार

पौषातला दुसरा सोमवार, बेल्ह्याचा बैलबाजार. रक्कम एक रुपया. हजर मी, एक अनोळखी माणूस आणि माझा बैल.

प्लेग ओसरल्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. माझी बायको त्यातच गेली. मूलबाळ नव्हते. पेठच्या पुढे आमचे गाव, तिथे माझे आणि चुलतभावाचे घर लागून. मध्ये फक्त काटेरी कूड. बायको गेली त्या दिवशी खांदा द्यायला तो आला नाही. मी एकट्याने तिला गाडीवर घालून नदीवर नेले. तेव्हापासून त्याच्या घरचे पाणी मी घेतले नव्हते आणि त्यानेही कधी विचारले नव्हते. सकाळी त्याच्या घरातले जाते ऐकू यायचे. माझ्या घरात भाकरी मीच थापत असे, एका वेळेला दोन, आणि त्यांतली अर्धी कुत्र्याला.

बैल विकायचा होता, कारण एका माणसाच्या घराला एवढी जनावरे लागत नाहीत. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोन्ही हातांवर रुमाल टाकायचा, घेणाऱ्याने देणाऱ्याची बोटे दाबायची आणि बोटांवरून आकडा समजायचा. शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही. त्या दिवशी दोन जणांनी बोटे दाबली, पण भाव परवडला नाही.

तिसरा आला तो माझ्याच वयाचा, जुन्नरच्या वरच्या अंगाचा शेतकरी. त्याने बैलाचे दात पाहिले, मग घर कुठले, माणसे किती, असे विचारले. मी एरवी फार बोलत नाही. त्या दिवशी मात्र बायकोचे, गाडीचे, चुलतभावाचे, सगळे सांगून बसलो. शेवटी म्हणालो, "कुडाच्या पल्याड त्येची कडब्याची गंजी रचून ऱ्हाते. रोज बघतो. एक दिस पेटावी आन त्येनं एकट्यानं इझवावी, असं वाटतं."

तो हसला नाही. त्याने रुमाल टाकला आणि खालून माझा हात धरला. बोट दाबले नाही, नुसता हात धरून राहिला. तीन वर्षांत माझा हात कोणी धरला नव्हता.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "तुमी पेटवली तर गाव तुमचंच नाव घेईल. मी पेटवली तर मला कोण वळखतंय? माझा बी एक हाये, जुन्नरात. हातानं कागद बनवतो म्हातारा. त्येच्या साक्षीनं माझा भाऊ तुरुंगात गेला आन तिथंच मेला. त्येचा लगद्याचा हौद नासला पायजे. तिथं मला सगळे वळखत्यात. तुमाला न्हाई."

मला ती बाजारातली थट्टा वाटली. पूर्ण थट्टा नव्हे, हेही खरे. मी काही म्हणायच्या आत त्याने माझ्या तळहातावर एक रुपया ठेवला.

"हा बैलाचा न्हाई. त्या कामाचा इसार."

इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण. इसार घेणारा मागे फिरला तर त्याने दुप्पट परत करायचा, अशी रीत. मी रुमालाखाली मूठ मिटली. बाजारात एवढे पुरते. मिटायला नको होती, हे त्याच क्षणी कळले होते, पण मूठ उघडली तर तो हात सोडून जाईल, असेही वाटले. बैल त्या दिवशी विकला गेला नाही.

माघ संपता संपता, दिवेलागणीला, मी मारुतीच्या पारावर पाटलांजवळ बसलो होतो. चुलतभाऊ अनवाणी धावत आला. पाराभोवती दहा-बारा माणसे होती, पण तो सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"दादा! दादा, गंजी पेटली!"

'दादा' ही हाक मी तीन वर्षांनी ऐकली.

विहिरीपासून माणसांची रांग लागली. मी आणि तो पुढे होतो. जळत्या पेंढ्या कोयत्याने ओढून बाजूला काढत होतो. गोठा वाचला, घरे वाचली, निम्मी गंजी गेली. त्याच्या बायकोने तांब्या पुढे केला. माझे तोंड काळे झाले होते, हात भाजले होते. मी पाणी प्यालो.

दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसू लागला. सोबत झाकून भाकरी आणि कालवण आणायचा.

"तुमच्या करपल्या भाकरीचा वास येतो पल्याड," तो म्हणायचा. "कुत्रं बी लई बारीक झालंय तुमचं."

"कुत्र्याला कोण इचारतंय? मी जगलो न्हवं तिच्यावर?"

"म्हनून तर म्हनतो. कुत्रं शानं हाये, अर्धीच खायाचं."

एके दिवशी मात्र त्याने भाकरी खाली ठेवली. मग खाली बघत म्हणाला, "वहिनीच्या येळी मी आलो न्हाई. पोरगं कडेवर व्हतं. भ्यालो, दादा. दारामागं उभा व्हतो. तुमची गाडी गेली ती ऐकली."

इसाराचे मला तेव्हाच सांगता आले असते. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येणार होता आणि मला तो यायला हवा होता.

फाल्गुन लागला आणि बाजारातला तो माणूस आला. मी शेतावरून परतलो तर तो माझ्याच ओट्यावर बसलेला. शेजारी चुलतभाऊ. दोघे हसत होते.

"दादा, पावणं आल्यात. बेल्ह्याच्या बाजारातली वळख म्हनं. लई गमतीचं बोलत्यात राव!"

चुलतभाऊ गूळ आणायला त्याच्या घरी गेला, तसा पाहुणा म्हणाला, "माझं झालं. तुमचं?"

मी कनवटीचे दोन रुपये काढले. "इसार दुप्पट परत. रीत हाये."

"ती बैलाची रीत. बैल माघारी नेता येतो. गंजी येती का माघारी?" त्याने कुडापलीकडच्या घराकडे पाहिले. "चांगला हाये तुमचा भाऊ. मला पानी दिलं. होळीपातूर वाट बघतो. मग त्येला सांगतो, इसार कुनी घेतला ते."

मी रात्रभर हिशेब मांडला. कमीत कमी नुकसान कशात होईल? हौद फोडायचा नाही, माणसाला हात लावायचा नाही. कागदाच्या लगद्यात हळद टाकली तर एक हौद पिवळा होईल, म्हाताऱ्याचे आठवड्याचे काम जाईल, आणि माझे देणे फिटेल. असा हिशेब करणारा माणूस स्वतःला सज्जन समजतो. मी समजत होतो. अर्धा शेर हळद धोतराच्या फडक्यात बांधली आणि नारायणगावावरून जुन्नरला गेलो.

कागदवाल्याचे अंगण नदीच्या बाजूला होते. चुन्याच्या गुळगुळीत भिंतींवर ओले कागद चिकटवून वाळत घातलेले. म्हातारा हौदाशी वाकून गवताच्या काड्यांची चटई लगद्याच्या पाण्यात बुडवत होता, उचलत होता. प्रत्येक वेळी चटईवर एक कागद येई. पूर्वी त्या आळीत कितीतरी हौद चालत. गिरणीचा कागद आल्यापासून त्याचा एकट्याचाच राहिला होता.

"या, बसा," तो मागे न बघता म्हणाला. "वह्यांचा कागद हवा का?"

"हं."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग फडक्याकडे. "वास हळदीचा येतो. लग्नाला आलात का?"

मी फडके मागे धरले.

"हौद नासवायला पहिला आला त्याने चुना आणला होता. दुसऱ्याने भिंत खणली. तुम्ही तिसरे." त्याने हात पुसले. "तुम्हाला पाठवणारा प्रत्येक वेळी नवा माणूस शोधतो. हळद मात्र कोणी आणली नव्हती. टाकायची तर टाका, तिकडच्या बाजूने, इकडे लगदा दाट आहे."

"तुमाला राग येत न्हाई?"

"येतो की. भिंत खणणाऱ्याला मी शिव्या घातल्या. तोही रडला, मीही रडलो, मग आम्ही दोघांनी ती लिंपली." तो चटई हौदावर आडवी ठेवून बसला. "त्याच्या धाकट्या भावाने भर रस्त्यात एका बाईला मारहाण केली, मी पाहिलं, कचेरीत तेवढंच सांगितलं. पोरगा तुरुंगात मरेल, हे मला काय ठाऊक? मी आजवर वाट बघतो, की कधी तो स्वतः येईल. त्याचा भाऊ लहानपणी याच अंगणात खेळायचा, ते त्याला सांगायचं आहे. पण तो दुसऱ्यांनाच पाठवतो."

फडके मी सोडले नाही. एक दस्ता कागद घेतला, त्याने सांगितला तो भाव दिला आणि निघालो. आळीच्या टोकाशी मागे पाहिले तर तो पुन्हा वाकलेला होता.

होळीच्या आदल्या संध्याकाळी चुलतभाऊ भाकरी घेऊन आला. ती मी हातात घेतली नाही. म्हणालो, "आधी ऐक." मग रुमालापासून हळदीपर्यंत सगळे सांगितले. तो मध्ये एकदाच बोलला.

"पोरगं गोठ्यात व्हतं, दादा. वासराजवळ निजलेलं. धूर झाला तवा हिनं वढून काढलं."

हे मला कोणी सांगितले नव्हते. त्याने भाकरीवरचे फडके नीट केले, भाकरी उचलली आणि कुडापलीकडे गेला. दार लावल्याचा आवाज आला.

होळीनंतर तो माणूस आला. ओट्यावर न बसता मोठ्याने म्हणाला, "सांगू का मग तुमच्या भावाला?"

"सांगा. त्यो तिथं बसलाय."

चुलतभाऊ त्याच्या पायरीवर दोरी वळत होता. त्याने मान वर केली नाही. मी दोन रुपये ओट्याच्या कडेला ठेवले. "म्हाताऱ्याचा निरोप हाये. तुमची वाट बघतोय. तुमच्या धाकट्या भावाचं कायतरी सांगायचंय म्हनतो."

त्या माणसाचा चेहरा असा झाला, की त्याला खाली बसवावे असे मला वाटले. त्याने रुपये उचलले, मोजल्यासारखे केले आणि धोतराच्या सोग्यात बांधले. जाताना तो पेठच्या रस्त्याने गेला. जुन्नरला गेला की नाही, मला माहीत नाही.

जळालेल्या पेंढ्या चुलतभावाच्या अंदाजाने आठशे होत्या, माझ्या अंदाजाने सातशे. मी आठशे धरल्या. माझ्याच गंजीतून रोज थोड्या डोक्यावरून नेऊन त्याच्या अंगणात टाकत होतो. तो पायरीवरून मोजायचा, बोलायचा नाही. एकदा एक पेंढी सैल होती, ती त्याने परत कुडाशी आणून ठेवली. मी ती घट्ट बांधून दिली. माझ्याकडे वैरण उरली नाही, म्हणून बैल पुढच्या सोमवारी बेल्ह्याला विकला, घेणाऱ्याने बोटे दाबून सांगितली त्या किमतीला.

कागदवाल्याला एका दस्त्याची किंमत दिली. त्या माणसाला दोन रुपये दिले. चुलतभावाला आठशे पेंढ्या दिल्या. शेवटची पेंढी चैत्रात गेली. तो घरी नव्हता. ती त्याच्या बायकोने घेतली.