दोन हजार ओळींतलं पाणी

अणदूरच्या शिवारात सोमलिंग पाटकऱ्याला ओळखत नाही असा माणूस दाखवा! तलावाचं पाणी बावीस शेतांपैकी कुणाला कधी सोडायचं, हे सगळं या माणसानं तीस वर्षं डोक्यात वागवलं. खांद्यावर फावडं आणि तोंड कायम चालू. पाळी मोडून पाणी मागायला आलेल्या सख्ख्या मेव्हण्यालाही त्यानं बांधावरून हाकललं होतं. बोलायला फटकळ, पण त्याच्या इमानावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं.

यंदा ठेवलं. तेही आठ नंबरच्या शेतातल्या कस्तुराबाईनं.

सहा वर्षांपूर्वी पाणीवाटप कॉम्प्युटरवर गेलं. सोमलिंग सांगेल ते नियम एका इंजिनिअरनं लिहून घेतले आणि व्हॉल्व आपोआप उघडायला लागले. तो इंजिनिअर पुण्याला गेला. गेल्या उन्हाळ्यात दुसरा आला, त्यानं पुन्हा सोमलिंगलाच विचारून खाली आणखी नियम जोडले, आणि तोही गेला. प्रोग्राम झाला दोन हजार ओळींचा, एकसलग. आणि या हिवाळ्यात, हरभरा ऐन फुलात असताना, आठ नंबरचा व्हॉल्व लागोपाठ तीन पाळ्या उघडलाच नाही. हातानं उघडावा तर नव्या व्हॉल्वला मूठच नाही.

"कॉम्प्युटरला काय कळतंय?" कस्तुराबाई चावडीवर चारचौघांत म्हणाली. "त्येला शिकवलं कुणी, ते इचारा. सोमलिंगनं मला वगळलं."

कालपर्यंत अण्णा म्हणणारी बाई! सोमलिंगला अन्न गोड लागेना. चिडावं तरी कुणावर? कधी बोलण्याच्या भरात आपल्याच तोंडून काही वावगं गेलं असेल का, या विचारानं तो आतून पोखरला गेला.

पाणीवाटप सोसायटीनं मग धाराशिवच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या नीला मॅडमना बोलावलं. बाई मूळच्या तुळजापूरच्या, चणीनं बारीक, आवाज इतका हळू की सोमलिंगला दर वाक्याला "आं?" करावं लागे. ह्या काय दिवे लावणार, असं त्याला वाटलं.

दुपारपर्यंत बाईंनी नुसतं वाचलं. एक अक्षर बदललं नाही. मग म्हणाल्या, "अण्णा, हे सगळं एका दमात बोललंय. मध्ये श्वासच नाही."

"म्या बोलतोच तसा," सोमलिंग म्हणाला.

बाई हसल्या आणि तुकडे पाडायला बसल्या. दहा-वीस ओळी उचलायच्या, त्या काय करतात ते सोमलिंगला साध्या मराठीत सांगायचं आणि विचारायचं, "याला तुम्ही काय म्हणता?" तो म्हणेल तेच त्या तुकड्याचं नाव. पाटाच्या टोकाकडच्या शेतांसाठी 'शेपटाला आधी'. 'लाईट गेली तर'. 'तळ दिसला की'. दर तुकड्यानंतर जुन्या आणि नव्या प्रोग्रामला वर्षाच्या सगळ्या तारखा द्यायच्या, आणि उत्तरं तंतोतंत जुळली तरच पुढं जायचं.

"चुकतंय ते बी जपायचं व्हय?" सोमलिंग वैतागला.

"आधी नीट दिसू द्या. मग काढू."

चौथ्या दिवशी त्याला पडद्यावर ते दिसलं. आधीची ती इंग्रजी गिचमिड गेली होती. एकाखाली एक त्याचेच शब्द उभे होते, कुणीही वाचावेत असे स्वच्छ. हे सगळं आपल्याबरोबरच सरणावर जाणार, असं धरून चालला होता तो.

"अगं माय माय माय! मॅडम, ह्यो तर म्याच हाय की!"

बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

दुपारी एक तुकडा निघाला. शेतांच्या यादीतला सातवा वगळा, त्याचं पाणी पुढच्या शेताला जोडा. सात नंबरला खंडोबाच्या फुलांचा मळा. देव दरवर्षी अणदूरहून नळदुर्गाला मुक्कामाला गेला की पावणेदोन महिने मळ्याला पाणी लागत नाही, ते जातं शेजारच्या कस्तुराबाईला.

"याला काय म्हणता?"

"देव नळदुर्गात."

तासाभरानं, पार खालच्या ओळींतून, आणखी एक निघाला. यादीतला सातवा वगळा, त्याचं पाणी पुढच्याला जोडा.

"देव नळदुर्गात," सोमलिंग म्हणाला, आणि दचकून पडद्याकडं वाकला.

एकाच नावाचे दोन तुकडे. पहिल्यानं मळा वगळला, यादी एकानं वर सरकली, सातव्या जागी आली कस्तुराबाई. दुसऱ्यानं तिलाच वगळलं आणि सगळं पाणी तिच्या पुढच्या शेताला जोडलं. नऊ नंबरच्या पंचाक्षरीच्या रानात या हिवाळ्यात एवढा चिखल का होता, ते आत्ता कळलं.

बाईंनी दुसरा तुकडा पुसला. सगळ्या तारखा पुन्हा तपासल्या. बदलल्या त्या फक्त देव नळदुर्गात असतानाच्या पाळ्या.

पुढच्या पाळीला पाणी आलं तेव्हा सोमलिंग कस्तुराबाईच्या बांधावर जाऊन उभा राहिला. ती सरीत फावडं मारत होती. तिनं वर बघितलं नाही.

"अक्का, चूक माझीच," तो म्हणाला. "देव गेला की मळ्याचं पाणी तुमाला, ह्ये म्या पैल्या इंजिनिअरला सांगितलं हुतं. नवा इसरंल म्हणून त्येला बी बजावलं. दोनदा लिवलं गेलं, अन् तुमचंच नाव गळालं."

कस्तुराबाईचं फावडं थांबलं.

"माझ्यासाठनं दोनदा सांगितलंत?"

"व्हय."

तिनं पदरानं डोळे पुसले, फावडं बांधावर टाकलं आणि पाण्यातून बाहेर आली.

"चला अण्णा, चावडीवर. जिथं बोलले, तिथंच सांगते."