लाल जॅकेटची ड्युटी

आधी एक कबुली. माझ्या आठवणींवर माझाच फारसा विश्वास नाही. ताथवड्यातल्या आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलचे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत, की घडलेलं कुठे संपतं आणि माझा मीठमसाला कुठे सुरू होतो, ते मलाच कळेनासं झालंय. पूलचं पाणी दर आठवड्याला गाळतात. किस्से मात्र साचतच जातात!

दहा वर्षांपूर्वीचा उन्हाळा. शेजारच्या सोसायटीत एक मूल बुडता बुडता वाचलं आणि आमच्याकडे तातडीने मीटिंग बसली. मी इंजिनिअरिंग कॉलेजात तीस वर्षं फ्लुइड मेकॅनिक्स शिकवलेलं. "पाण्यातलं सरांइतकं कोणाला कळतं!" असं म्हणून मला एकमताने पूल-सुरक्षा समितीचा प्रमुख केलं.

मी हळूच म्हणालो, "पण मला पोहता येत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो विनय वाटला!

* * *

समितीत माझ्या जोडीला मोरे. चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर. पहिल्याच रविवारी त्यांनी पूलवर बोर्ड लावला, 'अपघाताविना दिवस: १'. मग सगळ्या पोरांना ओल्या चड्ड्यांनिशी रांगेत उभं करून शॉपफ्लोअरवर देतात तसं भाषण दिलं. "कोणी घसरता घसरता वाचलं, तरी फॉर्म भरायचा. त्याला 'निअर मिस' म्हणतात. मूळ कारण लिहायला विसरायचं नाही!"

आठवड्यात वीस फॉर्म आले. एकोणीस फॉर्मांत मूळ कारण एकच होतं, 'चिन्मय'.

विसावा फॉर्म खुद्द चिन्मयचा. मूळ कारण: 'मम्मी फोनवर होती.'

मोरे गंभीर झाले. "सर, एवढा एकच फॉर्म बरोबर भरलाय."

* * *

त्यातून लाल जॅकेट निघालं. मोठ्यांपैकी एकाने ते घालायचं आणि अंगात असेपर्यंत फक्त पाण्याकडे बघायचं. फोन नाही, गप्पा नाहीत. दुसऱ्याच्या हातात जॅकेट दिल्याशिवाय जागचं हलायचं नाही. शिफ्ट बदलताना चार्ज देतात तसं.

पहिली पाळी चिन्मयच्या वडिलांची. आयटीतला माणूस, पण तासभर पाण्याकडे एकटक बघत बसला. आम्ही भारावलो! शेवटी त्याची बायको खाली आली.

"अहो, पोरं केव्हाच घरी आली. तुम्ही काय बघताय?"

"मग काय करू? जॅकेट घ्यायला कोणी आलंच नाही!"

* * *

आमचा लाईफगार्ड बालाजी, लातूरकडचा. विहिरीत पोहायला शिकलेला. एकदा एक बाई मुलाच्या दोन्ही दंडांना हवेचे फुगे चढवून निवांत मासिक वाचत बसल्या. बालाजीने हटकलं, तर म्हणाल्या, "अरे, फुगे आहेत ना त्याला!"

"ताई, फुगं दुकानदाराचं हाय. लेकरू तुमचं हाय."

मासिक मिटलं. ते पुन्हा पूलवर दिसलं नाही.

* * *

माझा पराक्रमही सांगतो. पूलचं गेट स्प्रिंगने आपोआप बंद होणारं, कडी पोरांचा हात पुरणार नाही इतकी वर. तरी मला चैन पडेना. ते खरंच बंद होतं का, हे बघायला मी दिवसातून वीसेक वेळा उघडायचो. महिन्याभरात स्प्रिंग तुटली!

मोऱ्यांनी चौकशी केली. "सर, पोरांकडून गेटला काही धोका नाही. तुम्ही जरा लांब राहा."

* * *

आता शेवटचा. हाच मला सगळ्यात कमी खात्रीने आठवतो.

त्या संध्याकाळी जॅकेट माझ्या अंगात होतं. मी सारखी डोकी मोजत होतो. नऊ. नऊ. नऊ. मग आठ.

कोणी ओरडलं नाही. पाणीही उडालं नाही. खालच्या मजल्यावरची सई, पाच वर्षांची. तिची पिवळी टोपी पाण्याखाली दिसत होती. मी शिट्टी फुंकली, तर कवळीतून नुसतीच हवा! बालाजी पलीकडच्या टोकाला. पुढचं एवढंच आठवतं, की मी पाण्यात होतो. बालाजीने धावत येऊन दोघांना बाहेर काढलं. सई खोकली, मग मोठ्याने रडली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीने निकाल दिला. "सई श्वास रोखायचा खेळ खेळत होती हो. सरांच्या उडीने तिच्या नाकात पाणी गेलं!" मोऱ्यांनी फॉर्म भरला: 'एक ज्येष्ठ नागरिक पाण्यात पडले.' बोर्ड पुन्हा शून्यावर आला.

मी समिती सोडली. पण प्रश्न सुटेना. पोरगी खरंच बुडत होती, की मी एका लहान मुलीचा खेळ मोडला? सईला विचारायचा धीर झाला नाही. ती 'खेळत होते' म्हणाली असती तर?

गेल्या महिन्यात ती लिफ्टमध्ये भेटली. आता दहावीत आहे. दार बंद झालं आणि मी विचारून टाकलं.

"सई, तेव्हा तू श्वास रोखला होतास का गं?"

"छे! मला कुठे यायचा रोखायला? पाय टेकत नव्हते, वर येता येत नव्हतं. ओरडायला गेले तर तोंडात पाणी. मग वरून एक बूट आला. मी लेस धरली, ती सुटली. मग तुमची पँट धरून वर चढले."

तिचा मजला आला. दारातून ती मागे वळली.

"एक विचारू, आजोबा? पाणी तुमच्या छातीपर्यंतच होतं. मग तुम्ही पोहत कशाला होतात?"