लेकीची सळई, बापाचा दांडा

माझा दादा सुतार आणि त्याची एकुलती एक लेक वेल्डर. घरात शांतता नांदेल कशी? पोरीची आई लवकर गेली, ती बापाच्या लाकडाच्या भुशात वाढली आणि मोठी होऊन थेट लोखंडाच्या वर्कशॉपात शिरली. दादा बरेच दिवस तोंड फुगवून बसला. मग बोलायला लागला, तोही भांडण्यापुरताच.

"बाबा, तुमच्या लाकडापेक्षा माझं लोखंड भक्कम," ती म्हणायची.

"असेल. पण वजनाला वजन घे की! किलोभर लाकूड, किलोभर लोखंड. मग तोंड उघड."

पैज लागली. दोन्हींची लांबी सारखी, वजनही सारखं. टोकं दोन स्टुलांवर टेकवायची, मधोमध वाळूच्या पिशव्या लटकवायच्या, आधी वाकेल तो हरला. पोरीनं बोटाएवढी जाड सळई कापून आणली. तेवढ्याच वजनाचा लाकडी दांडा मनगटाहून जाड होणार होता, तो दादानं तासायचा होता. इतक्यात तिला दूरच्या शहरात जहाजं बांधायच्या कारखान्यात नोकरी लागली आणि पैज राहून गेली.

तेव्हापासून सुट्टीवर आली की बॅग खाली ठेवायच्या आधी तिचा प्रश्न, "दांडा झाला का?" तराजू निघायचा आणि दर खेपेला दांडा जड भरायचा. दादा मोठ्या दुःखानं मान हलवायचा. "हवा दमट आहे गं. लाकूड पाणी पितं. वाळवून ठेवतो, पुढच्या वेळी बघू."

कुणाला सांगतोय! मी शेजारच्याच खोलीत राहते, डोळे शाबूत आहेत माझे. लेक येणार म्हटलं की हे गृहस्थ दांडा मोरीतल्या बादलीत बुडवून ठेवायचे. ज्यानं उभा जन्म लाकूड वाळवण्यात घालवला, तो माणूस! मी एकदा हटकलंच.

"पैज संपली तर ती कशाला येईल इथे?" तो म्हणाला.

मला हसू आलं होतं, ते तसंच गिळलं. काम थांबलं की दादा रोज दाराकडे तोंड करून बसायचा. लेकीवाचून त्याला करमत नव्हतं, आणि हे तिला फोनवर सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती.

या खेपेला ती न कळवता आली. कारखाना तिला परदेशी पाठवत होता. परवा निघायचं होतं, परत कधी यायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं. दांडा फळीवर कोरडा ठणठणीत पडला होता. तराजूची पारडी बरोबरीत आली आणि दादाला सबब सुचेना.

पिशव्या एकेक करून लटकल्या. सळई बघता बघता वाकली. दांडा कुरकुरलासुद्धा नाही.

"जिंकलात बाबा! मला माहीतच होतं. वर्कशॉपात मी केव्हाच करून पाहिलं होतं."

"मग दर वेळी विचारायचीस कशाला?"

"आणि ओलं लाकूड हाताला कळत नाही होय मला? सुताराची मुलगी आहे मी."

दादा बराच वेळ त्या वाकलेल्या सळईवरून हात फिरवत राहिला. "मग आता काय सांगून बोलावू गं तुला?"

त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती रडायला लागली. एरवी या दोघांच्या मध्ये तोंड घातल्याशिवाय मला चैन पडत नाही, पण त्या दिवशी मी वाळूच्या पिशव्या सोडवायला घेतल्या.