बाणकाकांचं थांबणं

बाणकाका गाडी कधी बंद करत नसत, ती बंद पडायची वाट बघत. फ्युएल फिल्टर बदलायचा असला की ते आधी टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढत, मग गाडी सुरू करत आणि बाजूला जाऊन उभे राहत. पाइपात उरलेल्या पेट्रोलवर इंजिन अर्धं मिनिट चाले, मग ठसके देई, थरथरे आणि गप्प होई. तेवढा वेळ काका एक हात कमरेवर, मान जराशी तिरकी, असे उभे. मध्येच कुणी काही विचारलं तर तोंडाने उत्तर नाही, नुसता पंजा वर. इंजिन थांबलं की मगच म्हणत, "उतरलं प्रेशर. आता लाव हात."

विक्रोळीच्या आमच्या सोसायटीत ते पहिल्या मजल्यावर राहायचे. एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. मूळ वाशिमकडचे, पण बोलणं आता पक्कं मुंबईचं. फक्त पान्याशी झटापट सुरू झाली की वऱ्हाड आपोआप बाहेर पडायचं. कारखान्याचा खाकी शर्ट काकूंकडून धुऊन, इस्त्री करून घ्यायचे आणि गाडीखाली शिरण्याआधी तो चढवायचे. त्याला ते "ड्युटीचा शर्ट" म्हणत. इस्त्री केलेला शर्ट घालून गाडीखाली झोपणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

बाणकाका हे नाव पोरांनी ठेवलं. फिल्टरच्या डबीवर एक छोटा बाण कोरलेला असतो. पेट्रोल कुठून कुठे जाणार ते तो दाखवतो. डबी उलटी बसली की गाडी रुसलीच. म्हणून काका काम करताना आसपासच्या पोरांना विचारत, "बाण कुणीकडे?" आणि पोरं ओरडत, "इंजिनाकडे!" पुढे पुढे हे लिफ्टमध्ये, जिन्यात, गणपतीच्या आरतीच्या रांगेतसुद्धा सुरू झालं. सोसायटीतल्या निम्म्या पोरांना आपल्या वडिलांचा मोबाइल नंबर पाठ नसेल, पण फिल्टरचा बाण कुठे असतो ते माहीत होतं.

मी तिथे आईला घेऊन भाड्याने राहत होते. माझी गाडी सेकंडहँड, आणि तिला चढ दिसला की हुंदके यायचे. एका रविवारी काकांनी तिचं बॉनेट उघडलं नाही, नुसता कान लावला आणि म्हणाले, "हिला पोटभर मिळत नाहीये." मग गाडी मागच्या भिंतीजवळच्या मोकळ्या जागेत घ्यायला लावली. पेट्रोलचं काम छपराखाली करायचं नाही, हा त्यांचा नियम होता. भिंतीशी वाळूने भरलेली लाल बादली कायम ठेवलेली असे, तीही त्यांनीच भरलेली. जुना फिल्टर काढल्यावर त्यांनी तो वाळवला, मग हॅक्सॉने कापला आणि आतला काळा पडलेला कागद वर्तमानपत्रावर पसरून माझ्यासमोर ठेवला. एखादा डॉक्टर एक्स-रे दाखवतो तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "बघून घे. नंतर म्हणू नको, काका उगाच घाबरवतात."

पुढच्या वेळी त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः नुसते उभे राहिले. मी घामाघूम, नखं काळी, आणि हे कमरेवर हात ठेवून बघतायत. मी चिडले की म्हणत, "घाई कायले?" त्यांचे तीन हट्ट होते. पाइपावरच्या क्लिपा दर वेळी नव्या. काम झालं की खाली कोरडं वर्तमानपत्र पसरून इंजिन चालू ठेवायचं आणि पंधरा मिनिटं थांबून कागदावर डाग पडतो का ते पाहायचं. आणि शेवटी काडेपेटीची काडी पांढऱ्या रंगात बुडवून फिल्टरवर तारीख लिहायची. तारीख कशाला, असं मी विचारलं होतं. "चूक झाली तर कळायला नको? कधीची आणि कोणाची?" ते म्हणाले. त्या वेळी मला ते फारच मास्तरकी वाटलं होतं.

त्या वर्षी काका-काकू नेहमीप्रमाणे दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. दोन दिवस आधीच निघाले. जाताना मला म्हणाले, "तुझा फिल्टर आता आलाय बदलायला. मी आलो की बघू." माझ्या डोक्यात वेगळंच शिजलं. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, तर नव्या फिल्टरची करू. काका आले की चावी हातात देऊन म्हणू, बघा, तुमच्याशिवाय केलं. शाबासकी हवी होती, दुसरं काही नाही. चाळिशीला आलेल्या बाईला शाबासकीची एवढी हाव असावी, याची आता लाज वाटते.

मागच्या मोकळ्या जागेत गरब्याचा मांडव होता, म्हणून मी काम छपराखालच्या पार्किंगमध्येच केलं. फ्यूज काढला, प्रेशर उतरू दिलं, बॅटरीची वायर काढली, जॅक लावून खाली स्टेपनी सरकवली. सगळं नीट. फक्त नव्या क्लिपा काकांच्या बंद घरात होत्या आणि दुकानात त्या मापाच्या मिळाल्या नाहीत. जुन्याच आवळल्या. एकीचे आटे जरा गेलेले वाटले, पण बसली. बाण इंजिनाकडे. तारीख घातली, माझ्या वळणदार अक्षरात. खाली कागद पसरून इंजिन चालू केलं आणि दोन मिनिटांत ते बंद करून वर गेले, कारण कागद कोरडा होता आणि आईच्या गोळ्यांची वेळ झाली होती.

दसऱ्याच्या सकाळी मी गाडी बाहेर काढून धुतली, दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवली, परत जागेवर लावली आणि झेंडूचा हार आणायला वर गेले. खाली आले तर आख्खं पार्किंग सजलेलं. नारळ, उदबत्त्या, हळदी-कुंकू. शेजारच्या गाडीसमोर एक वहिनी निरांजन ओवाळत होत्या. तेवढ्यात वॉचमन धावत आला. "मॅडम, पेट्रोल! आप की गाडी के नीचे!"

माझ्या गाडीच्या मागच्या चाकापासून एक ओघळ निघून शेजारच्या गाडीकडे चालला होता. वहिनींच्या पायापासून दोन हातांवर. त्यांनी पदराने निरांजन विझवलं. कुणी उदबत्त्या पाण्यात बुडवल्या, कुणी पोरांना ओढून बाहेर नेलं. कुणीतरी ती लाल बादली आणून सगळी वाळू ओघळावर ओतली. काही झालं नाही. झालं असतं तर काय, हे मी आजही नीट बोलू शकत नाही. चार जणांनी गाडी ढकलत गेटबाहेर नेली, रस्त्यावरच्या मेकॅनिकने नवी क्लिप लावली आणि जुनी गेटपाशीच टाकली. आणि काकांनी भरून ठेवलेली वाळू पायाने पसरता पसरताच सेक्रेटरी म्हणाले, "हे बाणकाकांचे उद्योग. एक दिवस बिल्डिंग उडवणार."

मी तिथेच उभी होते. "नाही, मी केलं," एवढंच म्हणायचं होतं. पण माझा अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिन्यात संपत होता आणि नूतनीकरणाला सोसायटीचं पत्र लागायचं. दोन बायका, पुरुष माणूस घरात नाही, हे ऐकून याआधी तीन ठिकाणी मला घर नाकारलं होतं. आईचे गुडघे गेलेले, तिला घेऊन पुन्हा कुठे दारं ठोठावणार? मी गप्प बसले. काका आले की त्यांना सांगून टाकू, ते समजून घेतील, असं मनाला सांगितलं.

पण ते आले त्याच दिवशी मीटिंग होती. सोसायटीच्या ऑफिसात खुर्च्या मांडलेल्या, काका प्रवासाच्या कपड्यांतच आले होते. सेक्रेटरी म्हणाले, "काका, राग मानू नका. गावाला जायच्या आधी या मॅडमच्या गाडीचं काम तुम्हीच केलं होतं ना?"

काका उत्तर देण्याऐवजी माझ्याकडे वळले. एक हात कमरेवर, मान जराशी तिरकी. ते उभं राहणं मला चांगलं ओळखीचं होतं. डोक्यावरचा पंखा घरघरत होता. मी मोबाइलमध्ये बघू लागले.

"ही सोसायटी आहे की गॅरेज?" एक गृहस्थ म्हणाले. "आमच्याकडे असलं चालत नाही." काका त्या इमारतीत पहिल्या दिवसापासून राहत होते. हे 'आमच्याकडे' म्हणणारे तीन वर्षांपूर्वी आलेले.

काकांनी कमरेवरचा हात खाली घेतला. "ठीक आहे," ते म्हणाले. "यापुढे खाली काम करणार नाही."

गाडीखाली वाकून कुणी फिल्टर पाहिला असता तर त्यावर दसऱ्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती, आणि त्या दिवशी काका नागपुरात होते. पण वाकायची सवय तिथे एकट्या काकांनाच होती.

त्यांच्या घरी जायला मला दहा दिवस लागले. काकूंनी चहा ठेवला आणि त्या आत गेल्या. समोर बुद्धमूर्तीशेजारी त्यांची मायक्रोमीटरची लाकडी पेटी. मी काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, "क्लिपचे आटे गेले होते. ती काढून टाकायची असते, पोरी." मग थोड्या वेळाने, "तारीख टाकलीस ते बरं केलंस. अक्षर चांगलं आहे तुझं."

"काका, माझा करार..."

"ठाऊक आहे. म्हणून तर मी तुझं नाव घेतलं नाही." ते कपाकडे बघत होते. "पण तू बोलशील असं वाटलं मला. मी थांबलो होतो."

मी रडले, माफी मागितली. त्यांनी मान डोलावली आणि उठून कपाटातून नव्या क्लिपांची जोडी आणून दिली. मी ती घेऊन खाली आले. इतकं सगळं झाल्यावरही मी क्लिपा घेऊन आले.

करार झाला. त्यानंतर भीतीचं काहीच कारण उरलं नव्हतं. मी कधीही सेक्रेटरींना गाठून सांगू शकले असते. पण विषय आता मिटलाय, कशाला उकरा, असं मी महिनोन्महिने म्हणत राहिले. मिटला होता तो फक्त माझ्यापुरता. ड्युटीचा शर्ट दोरीवर पुन्हा कधी दिसला नाही. काका खाली यायचे ते पांढऱ्या बुशशर्टात, बाकावर बसून पेपर वाचायचे. गाड्या हायवेवरच्या गॅरेजात जाऊ लागल्या. पोरांना "बाण कुणीकडे?" विचारणारं कुणी उरलं नाही, आणि पोरंही मोठी झाली. लाल बादलीत कुणीतरी तुळस लावली. मला बघून मात्र काका नेहमी विचारत, "काय म्हणते गाडी?" त्यांच्या आवाजात कुठे खोच नसायची. असती तर मला बरं वाटलं असतं.

दोन वर्षांनी आम्ही बोरीवलीला आलो. सुरुवातीला फोन व्हायचे, मग सणासुदीचे मेसेज. गेल्या हिवाळ्यात जुन्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला आणि खाली हात जोडलेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले. वंदना झाली, लोक बोलले. सेक्रेटरी चांगलं बोलले. म्हणाले, "काकांमुळे एका दसऱ्याला आम्ही थोडक्यात वाचलो, पण माणूस मनाने राजा." लोक हळूच हसले. मग माइक माझ्याकडे आला. मी टूलरूम, इस्त्रीचा शर्ट, बाण, सगळं सांगितलं. सगळ्यांना ते आवडलं. माइक पुढे दिला आणि खाली बसले.

नंतर काकूंजवळ गेले, त्यांचे हात धरले. "काकू, त्या दसऱ्याला काकांची काही चूक नव्हती. काम मी केलं होतं."

काकूंनी हात सोडवून घेतले नाहीत. "मले कायले सांगतं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मले तर पयल्या दिवसापासून माहीत हाय. ज्याइले सांगाचं, ते तिकडं जेवून राह्यले."

मी वळले, पंगतीपर्यंत गेलेही. सेक्रेटरींनी ताटावरून मान वर केली. "अरे मॅडम! काय म्हणते बोरीवली?"

"मस्त," मी म्हणाले.

मागच्या रविवारी फिल्टर बदलला. गाडी उघड्यावर घेतली, वाळूची बादली जवळ ठेवली, क्लिपा नव्या. फ्यूज काढला, गाडी सुरू केली आणि बाजूला उभी राहिले. इंजिन बंद पडायला अर्धं मिनिट लागतं. हल्ली मी त्या अर्ध्या मिनिटात ते वाक्य मनात म्हणून बघते. नाही, काम मी केलं होतं. सावकाश म्हटलं तरी दहा वेळा म्हणून होतं.