हुंकाराला ओ

माझी पत्नी गेली त्या दिवशी आमची मुलगी अकरा दिवसांची होती. सकाळी पत्नीला ताप आला. दुपारी वैद्य आले. दिवे लागायच्या आधी ती गेली. दुसऱ्या दिवशी बारसे होते.

लढाईची वर्षे होती. आम्ही देवळाली प्रवरेत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होतो आणि मी तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. घरात माझे वडील होते, राहुरीच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यांची विधवा बहीण, माझी आत्या. पत्नीला आई नव्हती, म्हणून पहिले बाळंतपण असूनही ती माहेरी गेली नव्हती. सोयराचे दहा दिवस मला बाळंतिणीच्या खोलीत जायचे नव्हते. मी बाहेर वह्या तपासत बसे आणि आतून तिचे बोलणे कानावर येई. ती दिवसभर मुलीशी बोलत असे. शब्द कळत नसत, पण चाल कळे. काही विचारल्यासारखे, मग थोडे थांबून, मग हसून काही सांगितल्यासारखे. एवढ्याशा जिवाशी एवढे काय बोलायचे असेल, असे मला वाटे. उठून दाराशी गेलो असतो तर शब्दही कळले असते. मी गेलो नाही.

मुलीचे नाव तिने ठरवून ठेवले होते. सुतक फिटल्यावर आत्याने ते पाळण्यात वाकून मुलीच्या कानात सांगितले. त्यानंतर मात्र ते कुणाच्या तोंडी येईना. ते उच्चारले की ठरवणारी आठवे. आम्ही तिला नुसते ‘पोरगी’ म्हणू लागलो.

पत्नीसाठी मला काही करता आले नव्हते. मुलीच्या बाबतीत काही चुकू द्यायचे नाही, एवढे एकच मनात होते. अडचण आली की पुस्तक उघडायचे ही माझी जुनी सवय. नगरच्या वाचनालयातून बालसंगोपनावरचे एक पुस्तक आणले आणि दोनदा वाचले. दूध घड्याळाप्रमाणे द्यावे, रडले म्हणून मूल उचलू नये, उगाच खेळवू नये, त्याने सवयी बिघडतात, असे त्यात लिहिले होते. कागदाची टंचाई होती, म्हणून जुन्या प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा आखून मी एक वेळापत्रक केले आणि पाळण्यावरच्या भिंतीला खळीने चिकटवले. वर्गात लावतो तसेच. दूध, अंघोळ, कोवळे ऊन, झोप. शेळीचे दूध उकळून, पाणी घालून आत्या बोंडल्याने पाजी. घड्याळ पाहून पाजी. पोरगी अंगाने चांगली भरली.

त्या वेळापत्रकात बोलण्याचा तास नव्हता. मला ते सुचलेही नाही. आमच्यात बापाने वडीलधाऱ्यांसमोर आपले मूल घ्यायचे नाही, त्याच्याशी बोलायचे तर नाहीच. माझ्या वडिलांनी मला कधी घेतले नव्हते, आणि आमच्या घरात त्यांच्यासमोर नाही अशी जागा नव्हती. आत्या मुळात मितभाषी, त्यात त्या दिवसापासून ती कामापुरतेही बोलेनाशी झाली होती. रडत कुणीच नव्हते. चौघे जण आपापल्या जागी गप्प असत आणि त्यांतली एक पाळण्यात असे.

बोलणारी एकच बाई आमच्या घरात येई, ती मुलीला न्हाऊ घालणारी मावशी. पाटाजवळच्या मळ्यात तिची वस्ती होती. पायांवर पोरगी आडवी घेऊन, तेल चोळता चोळता ती तिला सगळे सांगे. रात्री पाटाला पाणी आले पण शेजाऱ्यानेच ओढून घेतले, सुनेने भाकरी करपवली, गुऱ्हाळावर गूळ यंदा काळा पडतो आहे. “काय गं बयो, खरं का खोटं?” असे विचारून ती थांबे, आणि पोरगी पाय झाडून काहीतरी आवाज काढी. “बगा, खरंच म्हनतिया,” असे मावशी आत्याला सांगे. मी शाळेला जाण्याच्या घाईत असे. मला तो नुसता गलका वाटे.

पौषात, पोरगी तीन महिन्यांची असताना, मावशी तिसगावला लेकीच्या बाळंतपणाला गेली. सव्वा महिना येणार नव्हती. आत्या अंघोळ घालू लागली, नीट, हलक्या हाताने, न बोलता. पहिल्या आठवड्यात पोरगी अंघोळीच्या वेळी आवाज काढी आणि वाट पाही. मग ते कमी झाले. मग थांबले. मी पाळण्याशी उभा राहिलो तर तिची नजर माझ्यावर येई आणि भिंतीवरून सरकावी तशी सरकून जाई. रडणेही कमी झाले. पुस्तकाप्रमाणे हे चांगले लक्षण होते, म्हणून मी काही दिवस समाधानात होतो.

एका संध्याकाळी दूध पाजून झाल्यावर आत्या म्हणाली, “हिला ऐकू येतं का रे?”

कित्येक दिवसांत ती पहिल्यांदा आपणहून बोलली होती. शेजारच्या आळीत एक बहिरा-मुका माणूस होता. त्याला लोक टाळ्या वाजवून बोलावत. तो डोळ्यांपुढे आला आणि हलेना.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वडील पाटाकडे फिरायला गेल्यावर मी पाळण्याच्या मागे उभा राहून पितळी वाटी फरशीवर टाकली. पोरगी दचकली आणि मान वळवून मागे पाहू लागली. मी पुन्हा टाकली, पुन्हा वळली. ऐकू येत होते. मग हुंकार का नाही, नजर का नाही, हे मला कळेना. पुस्तकात शोधले. दात, खोकला, देवी काढणे, सगळे होते. हे नव्हते.

मावशी परत आली त्या सकाळी मी मुद्दाम थांबलो. तिने पोरगीला पायांवर घेतले, नेहमीसारखी बोलू लागली. पोरगीने तोंड फिरवले. मावशीचा हात थांबला. वाटीचा प्रयोग मी तिला सांगितला. तिने ऐकून घेतले.

“मास्तर, पोर ऐकतिया,” ती म्हणाली. “तिच्याशी बोलतं कोन?”

आत्याने पदर सावरला.

“काय बोलायचं?” मी शेवटी विचारले.

“शाळंत काय बोलता?”

“सध्या जिल्ह्याचा भूगोल चालू आहे.”

“मंग भूगोल बोला. तिला काय कळायचंय त्यातलं? मला तरी कुटं कळतंय?” मग जरा हसून ती म्हणाली, “पर बोलून झालं की गप बसायचं. तुमी मास्तर लोक लई बोलता. पाटाच्या पान्यागत हाय. आपली पाळी झाली की दुसऱ्याला सोडायचं. तिनं भिजवलं न्हाई तरी तिची पाळी ती तिची पाळी.”

त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी पाळण्याजवळ पाट मांडून बसलो. वडील ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते, मधले दार उघडे होते. मी पुस्तक घेतले आणि तपासणीस वर्गात आल्यावर बोलतो त्या आवाजात वाचू लागलो. जिल्ह्याच्या सीमा, तालुके, पिके. वडील खाकरले. मी थांबलो नाही. ते उठून चप्पल घालून बाहेर गेले. माझे कान तापले होते. एका परिच्छेदानंतर मी गप्प बसलो आणि पोरगीकडे पाहिले. ती भिंतीकडे पाहत होती.

रोज शाळा सुटल्यावर मी तेच करू लागलो. सर्वांत कठीण होते ते थांबणे. वर्गात मुलगा उत्तर देईना की मी दुसऱ्या मुलाला विचारीत असे. इथे दुसरा मुलगा नव्हता. थांबून मी मनात वीस आकडे मोजी आणि मग पुढचा परिच्छेद घेई. काही दिवसांनी पुस्तक बाजूला ठेवले, कारण वाचताना तिच्याकडे पाहता येत नसे. मग एके दिवशी बोलायला लागण्याआधी मी तिला तिच्या नावाने हाक मारली. आत्या चुलीपुढे होती. तिने मागे वळून पाहिले नाही, पण थोड्या वेळाने दूध पाजताना तिनेही तेच नाव घेतले.

पोरगीची नजर आधी आली. भूगोलातल्या माहितीपेक्षा माझ्या हलत्या मिशा तिला बऱ्या वाटत असाव्यात. आवाज मात्र येईना. मावशी म्हणे, बी टाकले की उकरून बघायचे नसते.

तीनेक आठवडे झाले असतील. दुपार कलली होती. मी तिला प्रवरा सांगत होतो. रतनगडावर उगम, राजूरच्या डोंगरातून खाली, अकोले, संगमनेर, मग आपल्याकडे. तिथे थांबलो. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. ओठ हलले, काही आले नाही. मी बोलणार होतो, पण आवरले.

“हं,” ती म्हणाली.

लहानसा आवाज होता, पण प्रश्नासारखा वर गेलेला. ती वाट पाहत राहिली, आणि मग पुन्हा, जरा मोठ्याने, “हं?”

“ओ,” ओसरीवरून वडील म्हणाले.

कुणी हाक मारली की देतात तसा साधा ओ. आत्या दारात आली. पोरगीने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि हुंकार दिला. वडिलांनी पुन्हा ओ दिला. असे चार-पाच वेळा झाले. मग ते वर्तमानपत्र ठेवून आत आले. पाळण्यापासून दोन हातांवर उभे राहिले.

“पुढे मुळा मिळते प्रवरेला. ते राहिलं तुझं,” ते मला म्हणाले.

मी हो म्हटले.

मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, “आमच्या वेळी चालत नव्हतं. तुला घ्यावंसं वाटायचं.”

मी पोरगीला उचलले, त्यांच्यासमोर, पहिल्यांदाच, आणि त्यांच्या हातात दिले. त्यांना धरता येईना. आत्याने त्यांचा कोपर वर करून तिला कसे तोलायचे ते दाखवले. साठी उलटलेला माणूस पहिल्यांदा मूल घेत होता. पोरगीने त्यांचा चष्मा ओढला.

त्यानंतर घरात बोलणे सुरू झाले. आधी तिच्याशी, मग तिच्याबद्दल, आणि बऱ्याच महिन्यांनी तिच्या आईबद्दल. मुलगी उशिरा बोलू लागली, पण लागल्यावर थांबली नाही. भिंतीवरचे वेळापत्रक दूध उडून भिजले आणि आपोआप निघून आले.

अलीकडे मासिकांतून तान्ह्या मुलांवरच्या नव्या संशोधनाविषयी लेख येतात. मुलगी मला कात्रणे पाठवते. मूल आवाज काढते तेव्हा कुणीतरी उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर देऊन थांबावे लागते, त्या देवघेवीत मूल वाढते, असे अभ्यासक म्हणतात. मी ते सावकाश वाचतो. पत्नीने अकरा दिवस नेमके हेच केले होते. तिला कुणी शिकवले नव्हते. पहिल्या काही दिवसांतले ते बोलणे मुलीत कुठे तरी राहिले असेल का, हे त्या लेखांत शोधतो. नक्की असे कुणी लिहीत नाही. नाही असेही लिहीत नाहीत.

वडील, आत्या आणि मावशी आता नाहीत. मुलगी आहे. तिच्या मुलीला पाच महिन्यांचा मुलगा आहे. तो सध्या आमच्याकडे असतो, आणि दुपारी मी त्याच्यापाशी बसतो.